शब्दांची कुळे : ग्रीक व लॅटिन मुळांच्या साह्याने इंग्रजी शब्दसंग्रह

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज पाच इंग्रजी शब्द लिहावयाचे, मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावयाचे, घरी प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणावयाचा आणि दुसऱ्या दिवशी स्पेलिंगसह म्हणून दाखवावयाचा, ही रीत अनेक प्राथमिक शाळांतून रूढ आहे. तिच्यामागील शिक्षकाची कळकळ वादातीत आहे. परंतु सहामाही परीक्षेच्या सुमारास जून महिन्यातील शब्दांपैकी किती शब्द मुलांच्या स्मरणात उरलेले असतात, हे वर्गावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. शब्द विसरला जातो तो मुलाची बुद्धी मंद असते म्हणून नव्हे. तो शब्द मुलाच्या मनातील दुसऱ्या कोणत्याही गोष्टीशी बांधलेला नसतो, हे त्याचे खरे कारण होय. दाव्याला न बांधलेले वासरू सकाळी गोठ्यात सापडत नाही, तशीच ही गत आहे.

महाराष्ट्रात जून २००० पासून इंग्रजीचे अध्यापन इयत्ता पहिलीपासून सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून होत असे. पहिल्या तीन-चार वर्षांत मुलाच्या कानांवर जे शब्द पडतात ते लहान, नित्याच्या वापरातील आणि कृतीतून शिकण्याजोगे असतात. ये, जा, पाणी, पुस्तक, आई, गाय या अर्थांचे इंग्रजी शब्द ऐकून व बोलूनच यावयाचे. त्यांना मुळांचा आधार देण्याची गरज नाही. खरी अडचण पाचवीनंतर उभी राहते. विज्ञान व भूगोल यांच्या पुस्तकांतून, दुकानांच्या पाट्यांवरून आणि औषधांच्या वेष्टनांवरून लांबलचक शब्द पुढे येऊ लागतात. ते पाहून मूल बिचकते आणि इंग्रजी आपल्यासाठी नाही अशी गाठ मनाशी बांधते. ही गाठ बसण्यापूर्वीच ती सोडविण्याचे एक साधन म्हणजे शब्दमुळांचा परिचय. त्याचे स्वरूप, रीत आणि मर्यादा यांचा विचार पुढे केला आहे.

१. भाषेतील दोन थर

ही पद्धत मराठी मुलास परकी नाही. त्याच्या स्वतःच्या भाषेत ती पूर्वीपासून नांदत आहे. मूल 'हात' म्हणते. पण अक्षर चांगले असले तर त्यास 'हस्ताक्षर' सुंदर असल्याचे सांगितले जाते. तोंडात असतात ते 'दात'. ते घासावयाचे ते मात्र 'दंतमंजनाने'. चालावयाचे 'पायांनी', निघावयाचे 'पदयात्रेला'. पाहावयाचे 'डोळ्यांनी', दान करावयाचे ते 'नेत्रदान'. घरगुती शब्दांचा एक थर आणि त्याच्या वर संस्कृतातून जसाच्या तसा आलेला दुसरा थर, अशी मराठीची घडण आहे. व्याकरणात त्यांना तद्भव व तत्सम अशी नावे आहेत. नावे ठाऊक नसतानाही मूल दोन्ही थरांत सहजपणे वावरते.

इंग्रजीची घडणही अशीच आहे. तिचा घरगुती थर इ. स. च्या पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेल्या अँगल, सॅक्सन इत्यादी जमातींच्या बोलींतून आलेला आहे. हँड, टूथ, फूट, आय हे शब्द त्या थरातील होत. सन १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच भाषा दरबारात व न्यायासनापुढे आली. फ्रेंच ही लॅटिनची कन्या. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत प्राचीन विद्यांचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा पंडितांनी ग्रीक व लॅटिन शब्द थेट ग्रंथांतून उचलले. त्यानंतरच्या काळात शास्त्रज्ञांनी नव्या शोधांची नावे याच दोन भाषांतील शब्द जोडून बनविली. म्हणून हात तो 'हँड', पण हाताने चालविण्याचे यंत्र 'मॅन्युअल'. दात तो 'टूथ', पण दातांचा वैद्य 'डेंटिस्ट'. पाऊल ते 'फूट', पण पावलाने दाबावयाचे ते 'पेडल'. डोळा तो 'आय', पण चष्म्याच्या दुकानावर पाटी 'ऑप्टिकल्स' अशी.

दोन्ही भाषांची घडण किती सारखी आहे, हे एका शब्दावरून मुलांना पटविता येते. छपाई नसताना ग्रंथ हाताने लिहीत, म्हणून त्यास मराठीत 'हस्तलिखित' म्हणतात. त्याच वस्तूस इंग्रजीत 'मॅन्युस्क्रिप्ट' म्हणतात. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात व 'स्क्रिप्टुम' म्हणजे लिहिलेले. हस्त आणि लिखित, मॅन्यु आणि स्क्रिप्ट. जोडणी तीच, दोन्ही तुकडे त्याच क्रमाने. 'मानुस' हा शब्द 'माणूस'सारखा ऐकू आला तरी त्यांचा परस्पर संबंध नाही, हेही शिक्षकाने तेथेच सांगून टाकावे.

लॅटिनचा एक धागा तर मराठी घरातही येऊन पोचला आहे. पोर्तुगीज ही देखील लॅटिनची कन्या. सन १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्या संपर्कातून काही शब्द मराठीत आले. 'पाव' हा त्यांपैकी एक. त्याच्या मुळाशी लॅटिन 'पानिस', म्हणजे भाकरी, हा शब्द आहे. याच 'पानिस'ला 'सह' या अर्थाचा 'कॉम' हा उपसर्ग लागून, एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, या अर्थाने इंग्रजी 'कंपॅनियन' व 'कंपनी' हे शब्द सिद्ध झाले. वडापावातील पाव आणि दुकानाच्या पाटीवरील कंपनी एका कुळातील आहेत, हे ऐकलेले मूल तो शब्द सहसा विसरत नाही.

२. ओळखीच्या शब्दांपासून आरंभ

शब्दमुळांचा पहिला पाठ नव्या शब्दांवर घेऊ नये. मुलांच्या तोंडी असलेले शब्दच उलगडून दाखवावेत. त्यासाठी वर्गातील भिंतीवरील दिनदर्शिका पुरेशी आहे.

शिक्षकाने सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर ही चार नावे फळ्यावर एकाखाली एक लिहावीत. त्यांच्यासमोर सप्त, अष्ट, नव, दश हे शब्द लिहावेत आणि काही न बोलता मुलांना पाहू द्यावे. सप्त–सप्टेंबर, अष्ट–ऑक्टोबर, नव–नोव्हेंबर हे साम्य ध्यानात येण्यास फार वेळ लागत नाही. लॅटिनमध्ये सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेकेम म्हणजे सात, आठ, नऊ, दहा. मग एखादे चौकस मूल विचारते की डिसेंबर तर बारावा महिना, त्याला दहावा का म्हणावयाचे? हा प्रश्न आला म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे. जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे. त्या गणनेने डिसेंबर दहावाच होता. पाचव्या व सहाव्या महिन्यांची नावेही तशीच संख्यावाचक होती. पाचव्याचे नाव इ. स. पूर्व ४४ मध्ये जुलियस सीझरच्या नावावरून जुलै झाले व सहाव्याचे इ. स. पूर्व ८ मध्ये ऑगस्टसच्या नावावरून ऑगस्ट झाले. वर्षारंभ बदलला, पण शेवटच्या चार महिन्यांची नावे तशीच राहिली.

सप्त व सेप्टेम यांतील साम्य योगायोगाचे नाही, हेही मोठ्या मुलांना सांगावे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या धातूंत व व्याकरणरूपांत जे साम्य आढळते ते केवळ योगायोगाने घडणार नाही. या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. त्या विचारातून पुढे तौलनिक भाषाशास्त्राची उभारणी झाली. शतम् व लॅटिन 'केंटुम', दन्त व लॅटिन 'डेन्स', पद व लॅटिन 'पेस', नाम व लॅटिन 'नोमेन', या जोड्या अशाच सगोत्र आहेत. म्हणून शंभर भागांचा 'सेंटिमीटर', शंभर धावांची 'सेंच्युरी' आणि शेकड्यावर मोजलेले 'पर्सेंट' यांतील 'सेंट' मराठी मुलास नवा वाटू नये. आठ पायांचा 'ऑक्टोपस' म्हणजे अष्टपाद. घरातील तिवई तीन पायांची, तसा छायाचित्रकाराचा 'ट्रायपॉड'ही तीन पायांचा. मुले ज्या 'सायकल'वरून शाळेत येतात तिच्या नावातील ग्रीक 'कुक्लोस' हा शब्द व संस्कृत 'चक्र' हे भाऊभाऊ आहेत.

३. नमुना पाठ : 'पोर्ट'

सहावी-सातवीसाठी एका तासिकेचा पाठ कसा घ्यावा, याची रूपरेषा पुढे दिली आहे.

पूर्वज्ञान म्हणून शिक्षकाने मराठीतील 'हार' अंती असलेले शब्द मुलांकडून काढून घ्यावेत. विहार, आहार, उपहार, प्रहार, संहार असे पाच-सहा शब्द सहज मिळतात. मागचा भाग तोच राहतो, पुढचा बदलला की अर्थ बदलतो, हे मुलांनी स्वतः सांगावे. 'हृ' या संस्कृत धातूचा अर्थ नेणे, हरण करणे असा आहे, एवढीच भर शिक्षकाने घालावी.

नंतर 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द कोठे पाहिला, असे विचारावे. मालमोटारींवर, टेंपोवर, गुदामांच्या पाट्यांवर तो सर्वांनी पाहिलेला असतो. 'एक्स्पोर्ट' हा शब्द द्राक्ष व कांदा पिकविणाऱ्या गावांतील मुलांना चांगला परिचित आहे. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे, हे सांगून फळ्यावर एक वर्तुळ काढावे व तो आपला देश मानावा. वर्तुळाच्या आत जाणारा बाण म्हणजे 'इम्पोर्ट', बाहेर जाणारा 'एक्स्पोर्ट', एका टोकाकडून पलीकडे जाणारा 'ट्रान्सपोर्ट'. आयात, निर्यात व वाहतूक हे मराठी शब्द मुलांनी आपण होऊन जोडावेत. 'रि' म्हणजे परत. घडलेली हकिकत परत आणून सांगणे तो 'रिपोर्ट'. 'सब' म्हणजे खाली. खालून उचलून धरणे तो 'सपोर्ट', म्हणजे आधार. मराठीत 'पूजनीय', 'दर्शनीय' यांतील 'नीय' प्रत्यय योग्यता दाखवितो, तसा इंग्रजीत 'एबल'. मग 'पोर्टेबल' या शब्दाचा अर्थ शिक्षकाने सांगू नये, मुलांनी काढावा. वाहून नेण्याजोगा, हे उत्तर एका जरी मुलाकडून आले, तरी त्या क्षणी सबंध वर्गाला आपल्या हाती किल्ली आल्याचा प्रत्यय येतो.

येथे एखादे मूल हमखास 'एअरपोर्ट' हा शब्द सुचविते. शिक्षकाने त्यास चूक म्हणून गप्प बसवू नये, आणि ओढूनताणून वाहून नेण्याचा अर्थही लावू नये. एअरपोर्टमधील 'पोर्ट' हा बंदर या अर्थाच्या लॅटिन 'पोर्तुस' या शब्दाचा आहे. विमानांचे बंदर तो एअरपोर्ट. दिसण्यात सारखे तुकडे अर्थाने निराळे असू शकतात, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला तर तो लाभच समजावा.

पाठाच्या शेवटी प्रत्येक शब्द एका पूर्ण वाक्यात वापरून घ्यावा. वाक्यात न बसलेला शब्द शिकविला असे मानू नये.

४. संधी व स्पेलिंग

स्पेलिंगची भीती घालविण्यास ही पद्धत विशेष उपयोगी पडते. 'इनपोर्ट' न होता 'इम्पोर्ट' का झाले, 'सबपोर्ट' न होता 'सपोर्ट' का झाले, या प्रश्नांचे उत्तर मराठी व्याकरणाच्या तासाला मिळून चुकलेले असते. उत् व लेख मिळून 'उल्लेख' होतो, उत् व चार मिळून 'उच्चार' होतो. पुढील व्यंजनाच्या ओढीने मागचे व्यंजन बदलते. लॅटिन उपसर्गांचेही तसेच आहे. नकारार्थी 'इन' हा 'लीगल'ला लागला की 'एन'चा 'एल' होतो आणि 'इल्लीगल'मध्ये दोन 'एल' येतात. 'रेग्युलर'ला लागला की दोन 'आर' येतात. 'पॉसिबल'ला लागला की 'एन'चा 'एम' होतो. 'सपोर्ट'मध्ये दोन 'पी' येतात, त्यांपैकी पहिला 'सब'मधील 'बी'चा झालेला आहे. जोडअक्षर कोठे द्यावयाचे हे पाठ करावयाचे नसून संधी सोडवून पाहावयाचे आहे, हे एकदा उमगले म्हणजे अशा कित्येक शब्दांच्या स्पेलिंगमधील चुका कमी होतात.

'फ'साठी कोठे 'एफ' व कोठे 'पी-एच', हाही मुलांना छळणारा प्रश्न आहे. 'पी-एच' बहुधा ग्रीक शब्दांत येतो. तेथे ग्रीक लिपीतील 'फाय' हे अक्षर आहे. फोन, फोटो, ग्राफ ही त्याची उदाहरणे. त्याचप्रमाणे 'स्कूल', 'टेक्नॉलॉजी', 'एको' या शब्दांत 'सी-एच'चा उच्चार 'क' होतो, कारण तेथेही मूळ ग्रीक अक्षर निराळे आहे. 'साइन' या शब्दात 'जी' उच्चारला जात नाही. पण तो तेथे का आहे हे 'सिग्नल' म्हटले की ऐकू येते. दोहोंचे मूळ खूण या अर्थाचा लॅटिन 'सिग्नुम' हा शब्द आहे.

५. सावधगिरी

कोणतेही साधन हाती आले की त्याचा अतिरेक होण्याचा संभव असतो. शब्दमुळांच्या बाबतीत चार गोष्टींचे भान ठेवणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट, सारखे दिसणारे दोन तुकडे एकाच मुळाचे असतातच असे नाही. 'सेप्ट' म्हणजे सात हे शिकलेले मूल 'सेप्टिक टँक'चा अर्थ सात टाक्या असा करील, तर दोष त्याचा नव्हे. सेप्टिकमधील शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ कुजणे असा आहे. जखम 'सेप्टिक' होते ती याच अर्थाने आणि ती तशी होऊ नये म्हणून लावावयाचे ते 'अँटिसेप्टिक'.

दुसरी गोष्ट, ध्वनी व अर्थ दोन्ही जुळले तरी नाते सिद्ध होत नाही. मराठीत फारसीतून आलेल्या 'बदनाम' या शब्दातील 'बद' म्हणजे वाईट, आणि इंग्रजी 'बॅड' म्हणजेही वाईट. तथापि या दोहोंत काही नाते नाही. उलट त्याच शब्दातील 'नाम' व इंग्रजी 'नेम' हे मात्र खरोखर एका कुळातील आहेत. एकाच शब्दाच्या एका अर्ध्यात योगायोग आणि दुसऱ्या अर्ध्यात नाते, असा हा प्रकार आहे. म्हणून शिक्षकाने कोशात पाहिल्यावाचून व्युत्पत्ती सांगू नये. ठाऊक नसेल तर 'पाहून सांगतो' असे म्हणण्यात कमीपणा नाही. ऐकीव व गमतीची व्युत्पत्ती वर्गात एकदा रुजली की ती उपटून काढणे फार कठीण जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तेथे चुकीची किंमत गुणांत मोजली जात नाही. 'इन' म्हणजे 'नाही' असे सरसकट शिकविलेला मुलगा रस्त्याने जाताना पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' ही अक्षरे वाचतो. त्याला 'फ्लेम' म्हणजे ज्वाला हे ठाऊक आहे, 'एबल' ठाऊक आहे. शिकविलेल्या नियमाने तो अर्थ लावतो की हा पदार्थ मुळीच पेट घेत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लॅटिनमध्ये 'इन' हे दोन आहेत. एक नकारार्थी, दुसरा 'आत' या अर्थाचा. 'इम्पोर्ट'मधील तो हाच दुसरा. 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटविणे, म्हणून इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारा. हा घोटाळा केवळ मुलांचाच होतो असे नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या कार्यकर्त्यांनी याच कारणास्तव 'फ्लेमेबल' हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, हे प्रत्येक शाळेत शिकविले गेले पाहिजे. मुळावरून काढलेला अर्थ हा तर्क आहे, निर्णय नव्हे. वाक्य, प्रसंग व कोश यांच्या कसोटीस उतरल्यावरच तो स्वीकारावयाचा, ही सवय मुलांच्या अंगी बाणविणे हाच या पाठांचा गाभा होय.

चौथी गोष्ट, मूळ अर्थ हा नाव ठेवणाऱ्याची त्या वेळची समजूत दाखवितो. वस्तूचे खरे स्वरूप दाखवितोच असे नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हॉयझर याने 'ऑक्सिजन' हे नाव दिले. ग्रीक 'ऑक्सुस' म्हणजे आंबट व 'जेन' म्हणजे जन्म देणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. सन १८१० मध्ये हंफ्री डेव्ही याने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखविले, आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो हे त्यावरून स्पष्ट झाले. समजूत गेली, नाव राहिले. मराठीत त्या वायूस 'प्राणवायू' म्हणतात, ते नाव दुसऱ्याच गुणावरून ठेवलेले आहे. विज्ञानाच्या तासाला ही दोन नावे शेजारी शेजारी लिहून चर्चा घडवून आणावी.

६. वर्षाची आखणी

एका वर्षात बारा मुळांपेक्षा अधिक घेऊ नयेत. महिन्यास एक मूळ, त्याचे तीन-चार शब्द, आणि मागील महिन्यांच्या मुळांची उजळणी, एवढेच पुरे. लांब यादी छापून वाटणे म्हणजे पाच शब्दांच्या जागी पन्नास मुळांचे पाठांतर लादणे होय. त्याने मूळ दोष अधिकच वाढतो. पहिल्या वर्षासाठी पुढील मुळे सोयीची आहेत.

टेली, म्हणजे दूर : टेलिफोन, टेलिस्कोप, टेलिव्हिजन.
ग्राफ, म्हणजे लिहिणे, रेखाटणे : फोटोग्राफ, ऑटोग्राफ, पॅराग्राफ.
मीटर, म्हणजे माप : थर्मामीटर, किलोमीटर, सेंटिमीटर.
बायो, म्हणजे जीवन : बायोगॅस, बायोलॉजी, अँटिबायोटिक.
जिओ, म्हणजे भूमी : जिऑग्राफी, जिऑलॉजी, जिऑमेट्री.
हायड्रो, म्हणजे पाणी : हायड्रोजन, हायड्रंट.
पोर्ट, म्हणजे वाहून नेणे : इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट.
स्क्राइब किंवा स्क्रिप्ट, म्हणजे लिहिणे : मॅन्युस्क्रिप्ट, प्रिस्क्रिप्शन.
व्हिड किंवा व्हिस, म्हणजे पाहणे : व्हिडिओ, टेलिव्हिजन, सुपरव्हायझर.
डिक्ट, म्हणजे बोलणे : डिक्टेशन, डिक्शनरी.
पेड किंवा पॉड, म्हणजे पाय : पेडल, सेंटिपीड, ट्रायपॉड.
सेंट, म्हणजे शंभर : सेंच्युरी, पर्सेंट, सेंटिमीटर.

यांतील 'जिऑमेट्री'च्या शेजारी 'भूमिती', 'सुपरव्हायझर'च्या शेजारी 'पर्यवेक्षक' आणि 'टेलिव्हिजन'च्या शेजारी 'दूरदर्शन' लिहिले, तर मराठी पारिभाषिक शब्दही त्याच श्रमात पक्के होतात. 'सेंटिपीड' म्हणजे गोम. तिचे पाय जातीनुसार कमी-अधिक असतात, नेमके शंभर नव्हेत, ही चौथ्या सूचनेची उजळणी समजावी.

प्रत्येक मुळासाठी भिंतीवर एक झाड काढावे. खोडावर मूळ लिहावे व मुलांना जसजसे शब्द सापडतील तसतशी पाने लावावीत. पान लावणाऱ्याने तो शब्द कोठे वाचला हे सांगितले पाहिजे. एस. टी. स्थानक, किराणा दुकान, रेशनच्या दुकानावरील फलक, औषधाची बाटली, खताची पिशवी, यांतून कोठूनही तो आणावा. नोटबुकात शब्द वर्णक्रमाने न लिहिता कुळाने लिहावेत. परीक्षेत मुळांचे अर्थ विचारू नयेत. वाक्यात आलेला एखादा अपरिचित शब्द देऊन त्याचा अर्थ कसा काढला, हे मराठीत सांगावयास लावावे. अर्थ थोडा चुकला तरी विचाराची दिशा बरोबर असेल तर गुण द्यावेत.

ज्या घरात यापूर्वी कोणी इंग्रजी वाचलेले नाही, त्या घरातील मुलाकडे मोठी माणसे औषधाची पट्टी वाचावयास देतात. तपासणीच्या कागदावर 'अॅनिमिया' व 'हिमोग्लोबिन' हे शब्द असतात. संस्कृतात व्यंजनापूर्वी 'अ' व स्वरापूर्वी 'अन्' हा नकारार्थी उपसर्ग लागतो, ग्रीकमध्येही नेमके तसेच घडते; आणि दोन्ही शब्दांत रक्त या अर्थाचा ग्रीक 'हाइमा' हा शब्द दडलेला आहे. एवढे शिकलेले मूल रोगाची चिकित्सा करणार नाही, करूही नये. परंतु हा रक्तासंबंधी काही सांगणारा कागद आहे, तो बाजूला न ठेवता दवाखान्यात नेऊन विचारला पाहिजे, एवढे ते आईला निश्चित सांगू शकेल. 'एक्स्पायरी' या शब्दात 'एक्स' म्हणजे बाहेर व पुढे श्वास या अर्थाचा शब्द आहे, श्वास संपला तसा औषधाचा काळ संपला, हे ज्याला शाळेत समजले, ते मूल तारीख पाहिल्यावाचून घरात गोळी घेऊ देणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी या सत्रात निदान एका मुळापासून आरंभ करावा. पाठ घेण्यापूर्वी कोश पाहावा, वर्गातून आलेल्या शब्दांची नोंद ठेवावी, आणि केंद्राच्या मासिक सभेत कोणते उदाहरण मुलांना भावले व कोणते फसले, दोन्ही मोकळेपणाने मांडावे. फसलेली उदाहरणे इतर शाळांना अधिक उपयोगी पडतात.